बाहुल्यांचा प्रयोग इतका कच्चा असेल तर वेगळ्या शाळांनी मुलांचं नुकसान होतं हे सांगायचं कशावरून?

प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी एमए सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारला विषय घेतलाय अमेरिकेतल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा आणि त्यावरचं मानसशास्त्रातलं संशोधन. तिने क्लार्क दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग मांडला आणि सरांनी विचारलं, "मिश्र शाळांतली मुलं तर पांढरी बाहुली जास्त निवडत होती, मग वेगळ्या शाळेने नुकसान होतं हे यातून कुठे निघतं?" तिथे ती अडकली. पुढे तिचे दोन प्रश्न आहेत, हा प्रयोग सेमिनारमधून काढून टाकू का, आणि आपल्याकडे एखाद्या बालवाडीत तसाच प्रयोग करून बघितला तर चालेल का.

मी २१ वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करतेय, खाजगी इंग्रजी माध्यम, पालिकेच्या शाळा, आश्रमशाळा, सगळीकडे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सरांचं बरोबर आहे, हे आधी मान्य करून टाका. पण सरांच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेत. या एका प्रयोगाने सिद्ध झालं का, हा एक. आणि वेगळ्या शाळांनी नुकसान होतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचं 'नाही' होत नाही. आणि माझ्या मते खरी अडचण याच्याही मागे आहे, ती म्हणजे नुकसान शोधायचं कुठे. क्लार्कांनी ते मुलाच्या मनात शोधलं. ते तिथेच का शोधावं लागलं हे कळलं की बाकीचा गुंता आपोआप सुटतो.

आधी प्रयोग नीट बघू. मूळ कल्पना मॅमी क्लार्कची, १९३९ च्या तिच्या एमएच्या प्रबंधातली. लहान काळ्या मुलांना 'मी कोण' हे कधी आणि कसं उमगतं हा तिचा विषय होता. बहुतेक ठिकाणी एकट्या केनेथचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, नाव येतं, तुम्ही मात्र स्लाइडवर दोघांची नावं लिहा. १९४७ साली छापलेल्या निबंधात २५३ काळी मुलं आहेत, वय ३ ते ७. त्यातली १३४ आर्कान्सा राज्यातली, म्हणजे दक्षिणेतल्या पूर्ण वेगळ्या शाळांतली, आणि ११९ उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची, तिथे शाळा मिश्र होत्या. चार बाहुल्या, कातडीचा आणि केसांचा रंग सोडला तर सारख्या, दोन तपकिरी दोन पांढऱ्या. मग विचारायचं, तुला खेळायला आवडेल ती दे, छान आहे ती दे, वाईट दिसते ती दे, आणि असं करत करत सगळ्यात शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे. ६७ टक्के मुलांनी खेळायला पांढरी मागितली, ५९ टक्क्यांनी 'वाईट दिसते' म्हणून तपकिरी उचलून दिली.

आता सरांचा मुद्दा. खेळायला पांढरी बाहुली घेणारी मुलं दक्षिणेत ६२ टक्के, उत्तरेत ७२. तपकिरी वाईट दिसते म्हणणारी दक्षिणेत ४९ टक्के, उत्तरेत ७१. म्हणजे आकडे सरळ वाचले तर मिश्र शाळेतली मुलं जास्त दुखावलेली दिसतात. आणि वेगळ्या शाळांच्या बाजूच्या लोकांनी पुढे १९६० च्या दशकात जॉर्जियातल्या सॅव्हानाच्या खटल्यात हेच आकडे कोर्टात वापरले, बघा तुमचाच प्रयोग सांगतोय की वेगळं ठेवणं बरं. क्लार्कांचं म्हणणं असं होतं की दक्षिणेतल्या मुलाने आपला कमीपणा 'हे असंच असतं' म्हणून गिळून टाकलाय आणि उत्तरेतलं मूल अजून अस्वस्थ होतंय, आणि अस्वस्थ होणं हे जास्त निरोगी लक्षण आहे. हे खरं असूही शकेल, पण मग आकडा कुठल्याही बाजूला गेला तरी निष्कर्ष तोच येतो, आणि असं झालं की प्रयोगाने काही सिद्ध केलं असं म्हणता येत नाही. १९५१ साली दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीच्या खटल्यासाठी केनेथ क्लार्कांनी जी मुलं तपासली ती तर १६ होती, वय ६ ते ९, त्यातल्या १० जणांना पांढरी आवडली. तुलनेला दुसरा गट नाही. हे सगळं सेमिनारमध्ये तुम्ही स्वतःहून सांगा, लपवू नका.

मग हुशार वकील, हुशार संशोधक, त्यांनी असला कच्चा पुरावा का उभा केला? इथे क्लॅरेंडनची गोष्ट सांगायलाच हवी. तो खटला सुरूच झाला एका बसवरून. गोऱ्या मुलांसाठी ३० स्कूलबस होत्या आणि काळ्या मुलांसाठी एकही नाही, मुलं मैलोनमैल चालत जायची, आणि पालकांची पहिली मागणी फक्त एक बस द्या एवढीच होती. १९४९-५० या वर्षात तिथे एका गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते आणि काळ्या मुलामागे ४३. नुकसान म्हणून याहून जास्त काय दाखवायचं असतं? पण १८९६ पासून सुप्रीम कोर्टाचा नियम होता, वेगळं पण समान असेल तर चालेल. म्हणजे तुम्ही बस नाही, इमारत नाही, पुस्तकं नाहीत असं दाखवलं की राज्य म्हणणार बरं, देतो आम्ही, पण शाळा वेगळीच ठेवतो. आणि दक्षिण कॅरोलायनाने अगदी तेच केलं, १९५१ मध्ये ३ टक्के विक्रीकर लावून काळ्या मुलांसाठी नव्या इमारती बांधायला घेतल्या, कशासाठी तर मुलं एकत्र बसवायला लागू नयेत म्हणून.

त्यामुळे काळ्या पालकांचे वकील थर्गुड मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दाखवायचं होतं की उद्या सगळं समान केलंत तरी वेगळं करणं हीच इजा आहे. आणि इमारत, पैसा, बस हे सगळं बाजूला काढलं की इजा दाखवायला जागा उरते कुठली? मुलाचं मन. म्हणून बाहुल्या आल्या. तो पुरावा कायद्याने आखलेल्या चौकटीत बसवलेला होता, आणि आज आपण चौकट विसरून फक्त बाहुल्यांवर भांडतो.

निकालाबद्दल एक दुरुस्ती, कारण ही चूक जवळजवळ प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकायला मिळते. क्लॅरेंडनचा, कॅन्ससचा आणि असेच आणखी काही खटले सुप्रीम कोर्टाने एकत्र ऐकले, त्यालाच ब्राऊन खटला म्हणतात. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा त्याचा १७ मे १९५४ चा निकाल बाहुल्यांवर उभा नाही. मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं की केवळ वंशामुळे वेगळं काढल्याने मुलांत समाजातल्या आपल्या स्थानाबद्दल कमीपणाची भावना तयार होते आणि ती त्यांच्या मनावर असा परिणाम करू शकते जो कदाचित कधीच पुसला जाणार नाही. त्याखालची ती प्रसिद्ध ११ वी तळटीप, तिच्यात क्लार्कांचा १९५० चा आढावा आहे, १९४७ चा बाहुल्यांचा निबंध नाही. आणि मुख्य मजकुरात वॉरन यांनी जो उतारा घेतलाय तो कॅन्ससच्या खालच्या कोर्टाचा, तो बऱ्याच अंशी लुईसा होल्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या साक्षीवरून आलेला, आणि त्यांनी बाहुल्यांचा विषयही काढलेला नव्हता. त्यांचा मुद्दा साधा होता, कायद्याने वेगळं ठेवलं की सगळेच, गोरे आणि काळेही, त्याचा अर्थ 'हे कमी दर्जाचे आहेत' असाच लावतात. मला हा मुद्दा बाहुल्यांपेक्षा कितीतरी भक्कम वाटतो, कारण यात मूल बिघडलेलं आहे असं कुठेच म्हणावं लागत नाही.

आणि हेच मला तुम्हाला मुख्य सांगायचंय. नुकसान त्या व्यवस्थेत असतं, ते मुलात शोधत बसलं की गडबड होते.

मुलाला कुठली बाहुली आवडली यावरून त्याला स्वतःबद्दल काय वाटतं हे कळतंच असं नाही. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या शाळांतल्या मुलांवरचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात काळ्या मुलांचा सेल्फ-एस्टीम गोऱ्या मुलांपेक्षा कमी नव्हता. पुढे विल्यम क्रॉस आणि मार्गारेट बील स्पेन्सर या मानसशास्त्रज्ञांनी हे जास्त नीट उलगडलं. 'मी कसा आहे' आणि 'जगात माझ्यासारख्यांना काय किंमत आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मूल दुसरीचं उत्तर अचूक ओळखतं आणि तरी पहिलीत ठणठणीत असू शकतं. चार वर्षाच्या पोरीने पांढरी बाहुली छान म्हटली तर ती आजूबाजूला जे बघते, ऐकते तेच सांगतेय. ती जगाची बातमी देतेय. आपण तो तिचा आजार समजतो.

आपल्याकडचं एक उदाहरण द्या सरांना, ते नाकारता येणार नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर वेगळं बसवायचे, ते गोणपाट शाळेतला झाडूवालाही शिवणार नाही म्हणून रोज घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं, आणि तहान लागली तर शिपाई हजर असेल तरच पाणी. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तो मुलगा पुढे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेला (क्लार्क दांपत्याची डॉक्टरेटही त्याच विद्यापीठाची, ३० एक वर्षांनंतरची). आता सांगा, त्याचा आत्मविश्वास मोजला असता आणि उत्तम निघाला असता तर गोणपाट निर्दोष ठरलं असतं का? राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला, त्यांनी कुणाच्या मनाचं माप घेतलं नव्हतं.

माझ्या कामातलं एक सांगते. पाचवीतला एक मुलगा, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागांतून प्रवेश घेतलेला, बाईंनी माझ्याकडे पाठवला, 'लो कॉन्फिडन्स' असा शेरा लिहून, दिवाळीनंतर वर्गात हातच वर करत नाही. मी नेहमीची प्रश्नावली भरून घेतली, स्कोअर एकदम चांगला. गप्पा छान मारतो, वस्तीतल्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. मुलात काहीच सापडेना म्हणून मी वर्गात जाऊन मागे बसले, आणि पंधरा मिनिटांत कळलं. आरटीईच्या मुलांची पुस्तकं उशिरा आली होती, दोघातिघांत एक पुस्तक वापरता यावं म्हणून बाईंनी त्या सगळ्यांना खिडकीकडच्या शेवटच्या दोन बाकांवर एकत्र बसवलं, हेतू चांगलाच होता, पण पुस्तकं आली तरी बाक तेच राहिले, आणि मग 'खिडकीवाले' असं त्यांचं नाव पडलं. खिडकीवाल्यांना प्रश्न विचारले जात नव्हते. प्रश्नच येत नाही तर हात कशाला वर करायचा? बाक बदलायला एक दिवस लागला. हात वर यायला फेब्रुवारी उजाडला, आणि गणितात तो जो मागे पडला होता ते त्या वर्षी भरून निघालं नाही. मी मुलाचा 'आत्मविश्वास वाढवण्याची' सेशन्स घेत बसले असते तर वर्ष तसंच गेलं असतं, आणि वर त्याला वाटलं असतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

नुकसान मुलात आहे असं धरण्याची मोठी किंमत अमेरिकेतही पडली. काळी मुलं दुखावलेली, त्यांच्या शाळा निकृष्ट, तर उपाय म्हणजे त्यांना गोऱ्या शाळेत पाठवा, असा अर्थ लावला गेला. त्या शाळांमधले शिक्षक चांगले होते, मुलांना नावानिशी ओळखणारे होते, हे कुणी मोजलंच नाही. एकत्रीकरण करताना बंद झाल्या त्या बहुतेक काळ्यांच्या शाळा, आणि १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतल्या आणि दक्षिण-उत्तर सीमेवरच्या १७ राज्यांत ३८ हजारांच्या वर काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक नोकरीतून गेले असा अंदाज दिला जातो. याचा दोष मी क्लार्कांना देणार नाही, तो त्या शाळा समित्यांचा. पण कुठल्या बाजूचा विचार झाला आणि कुठल्या बाजूचा नाही हे यातून दिसतं.

बरं, मग मांडायचा पुरावा कुठला? माझ्या मते सगळ्यात वजनदार काम रकर जॉन्सन या अर्थतज्ज्ञाचं आहे. निकाल १९५४ चा असला तरी दक्षिणेतल्या ११ राज्यांत १९६४ पर्यंत जेमतेम १ टक्का काळी मुलं गोऱ्यांसोबत शिकत होती. खरं एकत्रीकरण नंतर झालं, कोर्टाचे आदेश वेगवेगळ्या जिल्ह्यांना वेगवेगळ्या वर्षी आले, आणि त्यामुळे संशोधकांना एक आयतीच तुलना मिळाली. एकाच घरातला थोरला भाऊ वेगळ्या शाळेत शिकून बाहेर पडला आणि धाकटीला मिश्र शाळा मिळाली, असं. जॉन्सन यांनी १९४५ ते १९६८ दरम्यान जन्मलेली मुलं मोठी होईपर्यंतची माहिती घेतली. ज्या काळ्या मुलांना जास्त वर्षं एकत्र शाळा मिळाली ती जास्त शिकली, मोठेपणी जास्त कमावत होती, तुरुंगात जायचं प्रमाण कमी, तब्येतही बरी. आणि गोऱ्या मुलांचं नुकसान दिसलं नाही. कारण विचाराल तर बराचसा भाग साधा आहे, एकत्र आल्यावर मुलामागचा खर्च वाढला आणि वर्ग लहान झाले. पैसा गोऱ्या मुलांच्या मागे जातो, तर मग त्याच वर्गात बसा, इतकं सरळ. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांचं अलीकडचं कामही याच दिशेचं आहे, अभ्यासातली वांशिक दरी वाढते ती मुख्यतः काळी आणि लॅटिनो मुलं गरिबी एकवटलेल्या शाळांत ढकलली जातात म्हणून. म्हणजे काळ्या मुलाशेजारी गोरं मूल बसलं की त्याची बुद्धी वाढते असं काही नाही, आणि असं कुणी म्हणत असेल तर ते अपमानकारक आहे. वेगळं काढलं की वाटणी वेगळी करणं सोपं जातं, मूळ तिथे आहे.

आपल्याकडच्या दोन अभ्यासांचा उल्लेख जरूर करा. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, ३२१ मुलं वरच्या मानल्या गेलेल्या जातींची, ३२१ खालच्या. जात काढली नाही तेव्हा दोघांच्या कामगिरीत फरक नाही. सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखवली की खालच्या जातीच्या मुलांनी सोडवलेली कोडी कमी झाली. तीच वयं, तसलीच पोरं, वर्गात बोललेलं एक वाक्य बदललं. (आपल्या गटाबद्दलच्या वाईट समजाची आठवण करून दिली की कामगिरी घसरते असं सांगणाऱ्या, अमेरिकेतल्या 'स्टिरिओटाइप थ्रेट'च्या प्रयोगांवर पुन्हा पडताळणीत बऱ्याच शंका निघाल्यात, सर विचारतील, तयारीत राहा, एकाच प्रयोगावर भार टाकू नका.)

दुसरा गौतम राव यांचा, दिल्लीतल्या महागड्या शाळांत गरीब मुलांना प्रवेश मिळाल्यावर श्रीमंत मुलांचं काय झालं याचा, २०१९ मध्ये छापलेला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली, आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना हळू पळणारा श्रीमंत मुलगा घेण्याऐवजी जोरात पळणारा गरीब मुलगा घ्यायला जास्त तयार होती. इंग्रजीच्या मार्कांत थोडी घट दिसली, गणित-हिंदीत नाही. हे थोडं नुकसानही सांगा, झाकलं की विश्वास जातो. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट असा बदल झाला होता, तो जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. त्या काळात पालकांच्या मीटिंगमध्ये मला सारखं विचारलं जायचं, त्या मुलांचं ठीक आहे हो, पण आमच्या मुलांना यातून काय मिळतं? राव यांचा अभ्यास नेमका याचं उत्तर देतो.

आणि हा प्रश्नही जुना आहे. १९४८ मध्ये डॉइचर आणि चाइन यांनी ८४९ समाजशास्त्रज्ञ-मानसशास्त्रज्ञांना पत्रं पाठवली, ५१७ जणांनी उत्तरं दिली. ९० टक्के म्हणाले वेगळं ठेवलेल्यांवर वाईट परिणाम होतो, आणि ८३ टक्के म्हणाले वेगळं ठेवणाऱ्यांवरही होतो. १९५२ मध्ये ३२ अभ्यासकांच्या सहीचं जे निवेदन सुप्रीम कोर्टात दिलं गेलं त्यात गोऱ्या मुलांबद्दल लिहिलंय, की जी माणसं मुलाला न्याय आणि समानता शिकवतात तीच माणसं वेगळं ठेवतात हे मूल बघतं, आणि गोंधळतं, पुढे त्याचा मोठ्यांवरचा आणि मूल्यांवरचाच विश्वास उडतो. निकालात हे आलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तो अर्धा भाग निकालात आला असता तर 'बिघडलेली काळी मुलं' हे चित्र इतकं एकटं उभं राहिलं नसतं. तुमच्या सेमिनारमध्ये तो आणा.

आता कशावर अवलंबून आहे तेही सांगते, कारण एकत्र बसवलं की झालं असं मी म्हणणार नाही. वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र आल्यावर पूर्वग्रह कमी व्हायला काय लागतं, याच्या अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितल्या होत्या, दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज लागावी, आणि वरच्या माणसांचा, म्हणजे शाळेत बाईंचा आणि मुख्याध्यापकांचा, उघड पाठिंबा हवा. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले, संपर्काने पूर्वग्रह कमी होतात असंच बहुतेक ठिकाणी दिसलं, अटी पूर्ण नसल्या तरी थोडे, असल्या तर जास्त. पण शाळा एक आणि आत तुकड्या वेगळ्या, हे अमेरिकेतही झालं आणि आपल्याकडे तर 'अ' पासून 'फ' पर्यंत मार्कांवर तुकड्या पाडायची सवय आहेच. वर्गात एकटंच मूल वेगळं असेल तर त्याचा ताण वेगळा, चारपाच जण असतील तर वेगळा. वयाचाही फरक पडतो, पहिलीत जे सहज जमतं ते आठवीत जमवायला घाम फुटतो.

१९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला शाळा नव्याने मिश्र झाल्या आणि मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन यांनी जिगसॉ पद्धत काढली. धडा तुकड्यांत वाटायचा, गटातल्या प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा, दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होतच नाही. मी हे सहावीच्या एका वर्गात केलं तेव्हा पहिला आठवडा पूर्ण फसला. का, तर बाईंनी सवयीने प्रत्येक गटाला एक मॉनिटर नेमला होता, पहिल्या पाच नंबरांतला, आणि तो मॉनिटर सगळे तुकडे गोळा करून स्वतःच वाचून दाखवायचा. समान दर्जा तिथेच संपला. मॉनिटर काढले, दुसऱ्या आठवड्यात एका गटात भांडण झालं, तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा वस्तीतल्या मुलीला म्हणाला, "थांब, परत सांग, मला नाही कळलं." असा प्रश्न त्या वर्गात त्या मुलीला आधी कुणी विचारला होता असं मला वाटत नाही.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, प्रयोग काढू नका, पण 'सिद्ध झालं' हे शब्द काढा. तो त्या काळातली मुलं जगाकडे कसं बघत होती याचा दस्तऐवज आहे, नुकसानाचा पुरावा म्हणून जॉन्सन, रिअर्डन आणि आपल्याकडचे दोन ठेवा, आणि वकिलांनी मनच का निवडलं तो भाग सविस्तर सांगा, सरांना तिथे उत्तर मिळेल.

दुसऱ्याचं उत्तर, बालवाडीत बाहुल्यांचा प्रयोग करू नका. प्रश्नांचा क्रम परत वाचा. आधी मुलाकडून 'वाईट दिसते ती' उचलून घ्यायची आणि मग शेवटी विचारायचं, तुझ्यासारखी कुठली. स्प्रिंगफील्डमध्ये काही मुलं तिथेच रडली, काही खोलीतून पळाली. निष्कर्ष बघून आपणच अस्वस्थ झालो आणि कित्येक वर्षं ते तसेच ठेवून दिले असं केनेथ क्लार्क पुढे मुलाखतीत म्हणाले होते. आज हे आपल्याला माहीत आहे, मग चार वर्षाच्या पोराला परत त्या टेबलाशी कशाला उभं करायचं, सेमिनारच्या मार्कांसाठी?

त्याऐवजी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन एखाद्या प्राथमिक वर्गात मागे बसा, दोन आठवडे, रोज एक तास. मुलांची नावं, जाती, पालकांची कामं काहीही लिहू नका, बाकांना नंबर द्या. बाईंनी कुठल्या बाकाला प्रश्न विचारला, उत्तरासाठी किती सेकंद थांबल्या, कुणाला नावाने हाक मारली आणि कुणाला नुसतं 'ए तू' म्हटलं, एवढंच टिपा. मधल्या सुट्टीत कुणाचे डबे एकमेकांत फिरतात आणि कुणाचा डबा झाकण अर्धं लावून खाल्ला जातो तेही बघा. तक्ता तयार झाला की मला पाठवा, बाकांची मांडणी काढून पाठवलीत तर जास्त बरं, मी बघून सांगते.